आलेच मी

मायबापहो, जरा जवळ सरका. घाना देशातल्या अक्राच्या इस्पितळात, बाकावर बसलेल्या एफुआ नावाच्या बाईच्या कानी पडलेलं सांगतो. तिच्या शेजारी डेन्मार्कहून आलेले म्हातारे हेन्रिक मास्तर होते, त्यांच्या पलीकडे एक मासळीवाली.

“इथं नवा होतो, तेव्हा नळवाला ‘आलोच’ म्हणून गेला. मी संध्याकाळपर्यंत दार उघडं धरून उभा.”

“अहो बाबा, इथं जाणारा ‘जातो’ म्हणतच नाही.”

“शेजारची अराबा पोट धरून हसली. मग माझ्याशीच लग्न केलं तिनं.”

“आता कुठंय ती?”

“आत. नेताना म्हणाली, ‘आलेच मी.’”

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

“सिस्टर, माझी अराबा?”

नर्सनं मान खाली घातली. “आलेच मी, बाबा,” म्हणाली आणि आत वळली.

मास्तर उठले आणि ते दार उघडं धरून उभे राहिले.

देवापुढं हात जोडाल, तेव्हा अराबाला आठवा.