आमच्या हॉलचा उतार

परदेशात इतकी खेळतेस, पण सराव कुठे केलास, असं लोक मला विचारतात. अहो, आमच्या बनशंकरीतल्या घराच्या हॉलमध्ये! वाटी आडवी ठेवायची आणि सोफ्यापासून गोल्फचा चेंडू मारायचा. तो दर वेळी डावीकडे, स्वयंपाकघराकडे वळायचा. बाबा रिटायर्ड इंजिनिअर. लेव्हलच्या पट्टीनं फरशीचा उतार मोजून ओरडायचे, "कंत्राटदारानं वाट लावलीय! सगळी उखडून टाकतो!"

आई म्हणायची, "तिचा खेळ होऊ दे आधी." अशी पंधरा वर्षं गेली.

यंदा मी थायलंडला खेळायला गेले आणि बाबांनी संधी साधून गवंडी ठरवला. तिकडे माझा शेवटचा फटका उरला होता. चेंडू आठ फुटांवरून आत गेला, तर आयुष्यातली पहिली ट्रॉफी. माझी बॅग सांभाळणारा कॅडी म्हणाला, "सरळ मार." पण माझ्या तळपायांना उतार कळला. अगदी आमच्या हॉलचा! मी वीतभर उजवीकडे मारला. चेंडू सावकाश वळला आणि टप्पकन आत पडला.

घरी फोन केला. टीव्हीवर तो फटका पाहून आई रडतच होती. बाबांनी फोन घेतला. "गवंड्याला येऊ नको म्हणून कळवलंय. आता त्या कंत्राटदाराचा पत्ता शोधतोय. पेढे द्यायचेत."