सायण ते सुरत

मनीषा: आधी बस ने, शोभा. बूट राहू दे पायात. ही छाश घे, ताकात मीठ घातलंय.

शोभा: ती कुठे आहे?

मनीषा: आतल्या खोलीत पडलीय. अगं, तू होतीस कुठे? आम्ही इथल्या पाचही मैत्रिणी अमरोलीच्या पुलापाशी हार घेऊन उभ्या. साडेअकराला विजया एकटीच आली. मग घरी येऊन तीनपर्यंत वाट बघितली. सरस्वती आत्ताच गेली, शेवटची.

शोभा: माझ्याबद्दल काय सांगितलं तिनं?

मनीषा: म्हणाली, मागून येतेय, फोटो काढत बसली असेल.

शोभा: फोटो? माझा फोन तिच्या पिशवीत आहे, मनीषा. सकाळी चार्जिंगला दिलेला.

मनीषा: मला काय माहीत? आम्ही रिंग केली तर तिच्याच पिशवीत वाजला. तेव्हा कुठे तिचा चेहरा उतरला. मी गाडी घेऊन मागे छापराभाठा गावापर्यंत बघून आले.

शोभा: मी त्याच्या बरीच मागे होती. सायण सोडल्यावर दोन-अडीच किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला पडली होती. साधं पडली म्हणत नाही मी. चक्कर येऊन आडवी.

मनीषा: अरे देवा. विजया, बाहेर ये. शोभा आलीय.

विजया: आलीस? किती वाजले बघ. मी काळजीनं...

शोभा: काळजी कधीपासून? पुलावर हार घालून घेताना, का नंतर?

विजया: शोभा, असं बोलू नकोस. तू मागे आहेस एवढंच मला माहीत होतं. वीस दिवस तू मागेच असतेस. साबरमतीहून दांडीला चालत निघाल्यापासून रोज मीच मुक्कामाला आधी पोचते, तू तासाभरानं येतेस. आज वेगळं काय समजायचं मी?

शोभा: आज सांगितलं होतं तुले. डेलाडहून निघतानाच सांगितलं, डोकं जड आहे, ऊन उतरल्यावर जाऊ. तू म्हणाली, बारा वाजता सगळ्या जमणार आहेत, त्यांना ताटकळत ठेवायचं का.

विजया: त्या नोकरी-घर सोडून आल्या होत्या.

शोभा: आणि मी काऊन आली होती?

मनीषा: दोघी बसा बघू. पडल्यावर तुला उचललं कोणी?

शोभा: एक रुक्मिणी म्हणून बाई. नंदुरबारकडची, सायणला कापडाच्या लूमवर कामाला. पाळी संपवून घरी चालली होती. तिनं सावलीत ओढलं, डोक्यावर ओला पदर ठेवला. विचारत होती, "तुन्हा संगे कोन्ही नही का?" काय सांगू तिला? मी म्हटलं, आहे एक, पुढे गेली.

विजया: मग तिच्या फोनवरून मला का नाही लावलास?

शोभा: नंबर कोणाचे पाठ आहेत आता? डोकं गरगरत होतं, माझा स्वतःचाही आठवेना. केदारचा तेवढा पाठ आहे. आणि पोराला पुण्याला फोन करून सांगू, की तुझी आई रस्त्यात पडली? तो मिळेल त्या गाडीनं येऊन घरी घेऊन गेला असता. मनीषाचा पत्ता चिठ्ठीवर होता. चार तास तिच्या खोलीत पडून राह्यली, मग रिक्षात बसली.

विजया: केदारचा फोन आला होता. साडेदहाला.

शोभा: माझ्या फोनवर?

विजया: हो. मी उचलला.

शोभा: आणि काय सांगितलं?

विजया: आई मजेत आहे, जरा मागे आहे.

शोभा: मजेत. साडेदहाला मी उलट्या करून राह्यली होती, विजया.

मनीषा: तिला खरंच माहीत नव्हतं ने, शोभा. तू मागे पडलीस ते तिला दिसलं नसेल.

शोभा: दिसलं नसेल. पण मी हाक मारली होती. दोनदा. खाली बसायच्या आधी. ती इतकी काही लांब नव्हती, या खोलीपासून तुझ्या गेटपर्यंत असेल. मी तेव्हापासून हाच विचार करतेय. वारा होता, ट्रक जात होते, ऐकू गेलं नसेल. मी रुक्मिणीलाही तेच सांगितलं.

मनीषा: तेच असणार. विजया, बोल ना.

विजया: ऐकू आली होती.

शोभा: काय?

विजया: पहिली हाक ऐकू आली. दुसरीही.

मनीषा: विजया.

विजया: मला वाटलं, थांब म्हणतेय. चहा, नाहीतर सावली, नाहीतर बुटाची लेस. रोजच्यासारखं. मी वळले नाही.

शोभा: वळली नाही.

विजया: हा गुडघा बघ. बघ तरी. चार दिवस असा सुजलाय. एकदा बसले की उठताना ओरडावंसं वाटतं. आज थांबले असते तर पुन्हा चालू शकले नसते. मला सुरत गाठायचं होतं.

शोभा: चार दिवस. आणि मला एक शब्द नाही.

विजया: तुला सांगितलं असतं तर तू पहिल्या एसटीत बसवलं असतंस मला. दांडी चार दिवसांवर आहे. मला साठाव्या वर्षी अर्ध्यातून परतायचं नव्हतं.

शोभा: म्हणजे तुझा गुडघा तुला लपवायचा होता, म्हणून मी उन्हात मेली तरी चालेल.

विजया: असं नाही गं.

शोभा: असंच आहे. तुझ्या नवऱ्याच्या आजारपणात मी आठ महिने रोज बँकेतून सुटून तुझ्याकडे येत होती. तेव्हा मी कधी म्हटलं, आज दमली, उद्या येते? तू हाक मारायच्या आधी दारात असायची मी. हे कधी बोलायचं नव्हतं मले. तू बोलायला लावलं.

विजया: चुकले मी.

शोभा: हं.

विजया: माफ कर म्हणत नाही. चुकले एवढंच.

(मनीषा आपला फोन उचलते.)

मनीषा: मी आत्ताच दोघींची उद्याची तिकिटं बघते. बस झालं चालणं. डॉक्टरकडे जाऊ आधी, मग घरी.

शोभा: डॉक्टरकडे जाऊ. तिकीट नको. माझे सायणपुढचे दहा-अकरा किलोमीटर रिक्षात गेले. दोन दिवस झोपीन तुझ्याकडे. मग तिथं परत जाऊन तेवढं चालणार, मग पुढचं.

मनीषा: वेडी आहेस का? कोण बघतंय, किती चाललीस ते?

शोभा: मी बघतेय.

विजया: मी येते सायणला.

शोभा: तुझं झालंय ते अंतर.

विजया: तरी येते.

शोभा: अन् गुडघा?

विजया: हळू चालेन. तू बसशील तिथे बसेन. उठवलंस तर उठेन.

मनीषा: दोघींना एकाच डॉक्टरकडे नेते मी. वेड्यांच्या.

विजया: शोभा, येऊ?

शोभा: ये. पण माझ्याशी बोलू नको.