देठ मोडलेला गुलाब

डब्लिनच्या कलादालनात कोट परत घ्यायच्या रांगेत उभ्या निहारिकाच्या कानावर मागून मराठी पडलं. मायलेकी बोलत होत्या.

“त्या चित्रातल्या इंग्रज सरदाराच्या पोराच्या गळ्यात पोवळं कशाला गं?”

“दृष्ट लागू नये म्हणून, आई.”

“बघ, गोऱ्यांनाही लागते! आणि त्याच्या बहिणीच्या हातात देठ मोडलेला गुलाब?”

“म्हणजे चित्र काढलं तेव्हा ती या जगात नव्हती.”

“मग काढलं कसं?”

“आईनं सांगितली, तशी काढली असेल.”

“तुझा दादा अकरा महिन्यांचा गेला. एक फोटो नाही. नजर लागेल म्हणून वर्षाच्या आत मीच काढू दिला नाही.”

“आई, चाळीस वर्षं झाली गं...”

“डावा कान जरासा मुडपलेला. जावळ दाट. सगळं सांगते मी. इथं कुणी काढून देईल का?”