फाटकाआधीच पास

(संध्याकाळचे सहा. बारामती-इंदापूर रस्त्यावरची एक खासगी डेअरी, व्यवस्थापकाची केबिन. व्यवस्थापक विजयसिंह, दूध तपासणाऱ्या सिंधुबाई आणि पुण्याच्या मुख्य कार्यालयातून लॅपटॉप घेऊन आलेली स्वरूपा.)

स्वरूपा : पुन्हा सांगते. परवा सहाला टँकर फाटकातून आत आला. त्याचं दूध मात्र त्याआधीच तपासून पास झालं होतं. दोन्ही नोंदी तुमच्याच संगणकातल्या. दुसऱ्या दिवशी बारामतीत पिशव्या नासल्या.

विजयसिंह : मशिनचं घड्याळ पुढंमागं असेल. लॅपटॉपात दूध दिसतं का, मॅडम?

स्वरूपा : दिसतं. पिंपळीचं, सुप्याचं, इंदापूरचं. रोज संध्याकाळी फॅट तेच, एसएनएफ तेच, दशांशासकट. सगळ्या गाई एकाच दावणीच्या का?

विजयसिंह : सिंधुबाई, बोला की. तिथं नाव तुमचं आहे.

सिंधुबाई : माझंच हाय. फ्रिजात चांगल्या दुधाची बाटली असती. टँकर यायच्या आधी तीच मशिनला पाजायची. मशिन खूश, साहेब खूश.

विजयसिंह : ऐकलंत? घ्या लिहून. मी सगळ्यांना सांगत असतो, नियम म्हणजे नियम.

सिंधुबाई : सांगता की. अन् फाटकात रांग दिसता कामा नये, हे कोण सांगतं? मालकांची गाडी ह्याच रस्त्यानं जाती. टँकर उभं दिसलं की तुमाला फोन. नीट तपासायचं तर टँकरला अर्धा तास लागतो. तो कुठनं आणायचा?

विजयसिंह : बाटली ठेवा, असं मी म्हणालो?

सिंधुबाई : न्हाय. तुमी फ्रिज आणून दिला.

स्वरूपा : कशासाठी, साहेब?

विजयसिंह : पाहुण्यांच्या थंड पाण्यासाठी.

सिंधुबाई : लॅबमधी? कोण पाव्हणं आलं व्हतं, आमाला कसं न्हाय दिसलं?

विजयसिंह : मॅडम, दहावी नापास बाई. मीच चिकटवली इथं. उद्या घरी पाठवतो. तुमचा अहवाल सरळ, मालकही शांत.

स्वरूपा : अहवाल कसा लिहायचा ते मला शिकवू नका. सिंधुबाई, तुमचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे?

सिंधुबाई : मशिनवर चिकटवलाय. साहेबांच्या हातानं. बाई रजेवर गेली तर काम अडाया नको, म्हनले.

विजयसिंह : त्याचा इथं काय संबंध?

स्वरूपा : थांबा. आत्ता नवी नोंद आली. पास. फॅट तेच. सिंधुबाईंच्या नावानं.

विजयसिंह : मग? हेच तर सांगतोय मघापासून. हीच करते.

स्वरूपा : त्या तुमच्यासमोर बसल्यात, साहेब.

सिंधुबाई : उभी हाय, मॅडम. खुर्ची कुणी दिलीया?

विजयसिंह : लॅबमध्ये कोण आहे आत्ता?

सिंधुबाई : तुमीच ठेवलेलं कुणीतरी असंल. मॅडम, टँकर कुठला म्हनं?

स्वरूपा : सुप्याचा. जीपीएसवर तो अजून मोरगावच्या पुढं आलेला नाही.