कल्लाप्पा मिस्त्रीनं अंगावर घेतलेला दोष

मंडळी, बसा. माझ्यासाठी जागा करू नका, मला उभंच राहू दे. सकाळी निपाणीहून निघाल्यापासून मला बसवत नाही. कल्लाप्पाच्या या शोकसभेत माझ्याआधी दोघं बोलले, फार चांगलं बोलले. मला तसं जमणार नाही. वहिनी, तुम्ही समोर बसलाय, त्यामुळं तर आणखीच जमणार नाही. पण आज बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही. मी मला ओळखतो.

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगतो. मी निपाणीचा. आमची तंबाखूची वखार आहे. सगळे मला अण्णा म्हणतात. आणि ज्या गाडीमुळं कल्लाप्पा मिस्त्रीचं नाव खराब झालं, ती गाडी माझी.

लढाईच्या दिवसांत बेळगावच्या लष्करी कॅम्पातला एक गोरा साहेब बदलून गेला. त्याची दोन माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची गाडी मी घेतली. हौस, दुसरं काही नाही. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, कपाळाला हात लावला. "तंबाखूचं एक बोद बसत न्हाय हिच्यात. कशाला आणलास रं ह्ये?" त्यात ती चढ चढेना. कार्बुरेटर झिजला होता. हवा आणि पेट्रोल एकत्र करून इंजिनला पाजणारा तो भाग. लढाईमुळं विलायतेहून नवा येणार नव्हता. कोल्हापुरात दोघा मिस्त्र्यांनी हात टेकले. मग कुणीतरी म्हणालं, बेळगावला खासबागेत जा, कल्लाप्पाकडं.

पंधरा दिवस त्यानं तो कार्बुरेटर मांडीवर घेतला होता. झिजलेल्या दांड्याभोवती पितळेची नवी कडी बसवली. आतला तरंगणारा डबा फुटला होता, तो नवा केला. वहिनी, त्याच्यासाठी तुमचा पितळी तांब्या कापला होता, आठवतं? तुम्ही आतून ओरडत होता आणि हा माणूस कात्री चालवत म्हणत होता, "ऐकू येत न्हाय गं, इंजिन चालू हाय." इंजिन बंद होतं!

आत एक सुई असते, पेट्रोल किती सोडायचं ते ती ठरवते. ती त्यानं सहाणेवर घासली. केसाएवढी घासायची, बसवायची, हिंडलग्यापर्यंत जाऊन यायचं. पुन्हा काढायची, पुन्हा घासायची, पुन्हा हिंडलगा. मी कंटाळलो. तो कंटाळला नाही. शेवटी त्यानं कार्बुरेटरच्या तोंडावरची बारीक जाळी काढून टाकली. म्हणाला, "हिचा दम कोंडतोय जाळीनं." त्या दिवशी गाडी वंटमुरीचा घाट अशी चढली की मी मोठ्यानं हसत सुटलो.

गाडी ताब्यात देताना त्यानं मला एकच गोष्ट सांगितली. "अण्णा, आता हिचं तोंड उघडं हाय. बॉनेट उघडलासा तर तिथं फडकंबी न्हेऊ नगासा." मी व्हय म्हणालो.

मग खंडेनवमी आली. आमचं जैनांचं घर, पण त्या दिवशी वखारीतला तराजूसुद्धा आम्ही पुजतो. गाडी अंगणात आणली. बॉनेट उघडलं. आई ताट घेऊन आली आणि म्हणाली, "ह्या गाडीचं तोंड कुठलं रं?"

मंडळी, मला काय सांगायचं ते कळतंय का? मला मिरवायचं होतं. मी बोट दाखवलं. "हे बघ आई, इथनंच ती श्वास घेती." आईनं हळद वाहिली. कुंकू वाहिलं, चांगलं चिमूटभर. उरलेलंही भक्तीनं आत सोडलं. मी हात जोडून उभा होतो. मिस्त्रीचं बोलणं मला आठवलंसुद्धा नाही.

दुपारी आप्पांच्या पोटात दुखायला लागलं. पोट लाकडासारखं झालं. निपाणीचे डॉक्टर म्हणाले, बेळगावला न्या, आत्ता न्या. खंडेनवमीला पुजलेलं वाहन हलवत नाहीत, पण आईच म्हणाली, "जा." मी आप्पांना शेजारी बसवलं. संकेश्वरपर्यंत गाडी नीट चालली. वंटमुरीचा चढ लागला आणि ती धापायला लागली. मग थांबली. मी बॉनेट उघडलं, मिटलं, उघडलं. मला काय कळणार? शेवटी मागून प्रवाशांची सर्व्हिस मोटार आली, तिच्यातनं आप्पांना नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं. दिवस मावळायच्या आत आप्पा गेले.

दुखवट्याला लोक आले. विचारायला लागले, गाडी कशी काय थांबली? तेव्हा मी तोंड उघडलं. गाडी उघडून बघायच्या आधी तोंड उघडलं. म्हणालो, खासबागेच्या त्या मिस्त्रीनं आतले विलायती भाग चोरले आणि पितळेचे तुकडे घालून दिले. रागात बोललो. दुःखात बोललो. पण बोललो, आणि भर बाजारातल्या माणसांपुढं बोललो. निपाणीत बोललेलं दुसऱ्या दिवशी चिकोडीत पोचतं.

मिस्त्रीच्या कानावर गेलं. तो स्वतः आला, हत्यारांची पिशवी घेऊन. आला, माझ्याकडं बघितलं नाही, घाटातनं ओढून आणलेल्या गाडीकडं गेला. कार्बुरेटर उघडला. आतला दट्ट्या वर सरकायला पाहिजे, तो जागच्या जागी चिकटला होता. सपाटीला चाललं, चढाला जादा हवा लागली तेव्हा तो हललाच नाही. आणि सुईच्या भोवती सगळं लाल. लाल आणि पिवळं.

त्यानं हळूच विचारलं, "पूजा कुणी केलती?"

मी म्हणालो, "आईनं."

तेवढ्यात आई दारात आली. मोकळं कपाळ. मिस्त्रीनं फडक्यानं ते सगळं पुसलं आणि फडकं खिशात कोंबलं. आईनं विचारलं, "काय झालतं रं?"

"आक्का, माझी चूक," तो म्हणाला. "जाळी मी काढलती. वाटेवरची माती गेली आत."

आई त्याला म्हणाली, "माझ्या दारात परत पाऊल टाकू नगंस." तो मान खाली घालून उभा राहिला. मीही तिथंच उभा होतो. वहिनी, मी सगळं बघत होतो. आणि गप्प उभा होतो.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, "कल्लाप्पा, हे काय केलंस?" तो म्हणाला, "आक्कांना खरं कळलं तर त्या कशा जगतील? त्या हायत तवर ह्ये बोलायचं न्हाय." दोन पावलं गेला आणि परत फिरला. "पर अण्णा, एवढं करा. बाजारात चोर म्हणलासा, त्ये मागं घ्या. चुकला म्हणा. चोर नगा म्हणू."

एवढंच त्यानं मागितलं. तेवढंसुद्धा मी केलं नाही.

का नाही केलं? हे मी रोज स्वतःला विचारतो. चोर नव्हता म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग काय झालं? मग मला माझं बोट आठवलं असतं. मी भ्यालो. निपाणीच्या गाड्या त्याच्याकडं यायच्या बंद झाल्या. मग चिकोडीच्या, मग संकेश्वरच्या. ज्या हातानं तसली सुई घासली त्या हातानं तो स्टोव्ह दुरुस्त करत बसला. मला कळत होतं सगळं.

गेल्या वर्षी आई गेली. आता तरी? आता कुणाची आडकाठी होती? दोनदा खासबागेच्या कोपऱ्यापर्यंत आलो. दुकानात तो वाकून बसलेला दिसायचा. दोनदा परत गेलो. पुढच्या महिन्यात जाऊ, म्हणायचो. मागच्या आठवड्यात निरोप आला की तापानं मिस्त्री गेला. आठ दिवस झाले, मला अन्न गोड लागत नाही. आणि लागूही नये.

वहिनी, त्यानं तुम्हालाही सांगितलं नसणार. तुमच्या तोंडावरूनच कळतंय. तुम्हीसुद्धा इतकी वर्षं समजत होता की त्याच्या हातून चूक झाली. माफी मागायला मी आलो नाही, ती मागायची वेळ त्याच्याबरोबर गेली. तुमच्या नवऱ्याच्या हातून काहीही चुकलं नव्हतं, हे तुम्हाला सांगायला आलो.

मंडळी, आता शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची रीत आहे. अध्यक्षसाहेब, मला क्षमा करा, मी ते सांगणार नाही. तो आईसाठी गप्प राहिला आणि मी माझ्यासाठी. कल्लाप्पाच्या घरानं या गप्प बसण्यापायी पुष्कळ भोगलंय. उद्या निपाणीचा बाजार आहे, मी चौकात उभा राहून हेच सगळं बोलणार आहे. चिकोडी-संकेश्वरचे ड्रायव्हर इथं आलेत, तुम्ही तुमच्या गावात बोला. स्टँडवर बोला, हॉटेलात बोला. काय बोलायचं ते पहिल्यांदा मीच म्हणतो, त्याच्या फोटोपुढं, तुमच्या सगळ्यांदेखत.

कल्लाप्पा, तू केलेला कार्बुरेटर चांगला होता. नमस्कार.