वेबसाइटचा भाव

यार, दुकानात भाव करायची मला आधीच भीती, त्यात गेल्या उन्हाळ्यात गाझियाबादला आमचा फ्रिज बंद पडला. आईचं इन्सुलिन शेजारच्या शर्माजींकडे ठेवलं होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी घराला कुलूप लावून गावी जाणार होते. म्हणजे फ्रिज त्याच दिवशी हवा.

दुकानात फ्रिज अठ्ठावीस हजारांचा. त्यांच्याच वेबसाइटवर पंचवीस, पण घरी येणार चार दिवसांनी. धीर करून मॅनेजरला म्हटलं, "भैया, वेबसाइट का रेट दे दीजिए."

"मैडम, ऑनलाइनवाले अलग हैं."

"पण नाव तर एकच आहे ना?" घाबरले की माझी हिंदी पळते.

त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो फोन लावायला आत गेला. पाचला माल घरपोच करणारा शेवटचा टेम्पो निघणार होता आणि साडेचार वाजले होते. माझी नजर दाराबाहेरच्या टेम्पोवरून हटेना.

शेवटी तो हसत बाहेर आला. "हो गया मैडम! जो वेबसाइट पे, वही यहाँ. बस एक बार मेरे सामने पेज खोलिए."

मी पेज नव्याने उघडलं. भाव आला एकतीस हजार.

त्याने वाकून नीट वाचलं आणि अगदी अदबीने विचारलं, "तो मैडम, यही लगा दूँ?"

"नको, नको! भैया, आपका दुकानवाला रेट ही बिल्कुल ठीक है!"