उंबऱ्याबाहेरचा खोकला

नाही आत्या, थांब, आत नको येऊस — अगं, राग नको मानूस, पण बेल वाजली तशी मी दचकलेच, आणि दार उघडायच्या आधीच तुझा खोकला ऐकला. कधीपासून आहे गं? मागे फोनवर बोललीस तेव्हाही होताच की. महिना तरी झाला असेल — मग आधी बेडका तपासून घे. धूळबिळ काही नाही! मी पूर्वी अशी नव्हते, कळतं मला, पण आता कोणी साधं शिंकलं तरी आधी दादाच्या खोलीचं दार ओढून घेते. दादा चिडवतो, म्हणतो तू माझी बहीण आहेस की चौकीदार? दोन्ही. काय करू?

जागाच आहे तो. सकाळपासून तुझी वाट बघतोय, दाढीसुद्धा केलीये आज. आई गेल्यावर तूच तर वाढवलंस आम्हाला, तुला असं दारात उभं करणं जिवावर येतंय गं. पण डॉक्टरांनी बजावलंय — मूळ आजार औषधांनी आटोक्यात येईल, वेळ लागेल, तोवर अंगातली ताकद इतकी उतरलीये की कुठलाही जंतू घुसेल आत. टीबी, न्यूमोनिया, नाहीतर ती बुरशी, थेट मेंदूत जाते म्हणे. म्हणून रोज ती मोठी पांढरी गोळी, टीबी होऊ नये म्हणून वेगळी, पाणी उकळून, फळं सोलून, कबुतरं खिडकीत घाण करायची तिथे जाळी — बोलता बोलताच दम लागतो मला. त्याला मळमळतं, तरी गिळतो बिचारा. थकलेय ती मीच. स्वयंपाक करतानाही कान त्याच्या श्वासाकडे. कारण एवढं करून एचआयव्ही राहायचा बाजूला आणि माणूस जायचा भलत्याच —

काय झालं? अशी का बघतेस?

आत्या, तुला माहीत नव्हतं? पण दादा तर म्हणाला, ‘आत्याला सांगितलंय मी, रागावली नाही ती.’ म्हणजे सांगितलंच नाही त्याने. अरे देवा. माझी जीभ पण ना —

अगं, मागे नको सरकूस, पायरी आहे, पडशील! बोलण्याने होत नाही गं ते, हात धरल्याने नाही, जेवल्याने नाही. मी त्याच्या ताटात जेवते. उलटं आहे सगळं — तुला त्याच्यापासून काही नाही, त्यालाच तुझ्या खोकल्याची भीती. तपासून ये, औषध घे, मग बस त्याच्या उशाशी हवा तितका वेळ. आत्ता निदान खिडकीतून हाक मार? बाहेर खुर्ची टाकते, लांबूनच... नको?

कडीला नुसता हात लागला तर रुमालाने काय पुसतेस, आत्या?

बरं. जा. जा तू.

आले, दादा! — नाही रे, कोणी नाही. घर चुकलं होतं कुणाचं तरी.